उघाडीवरची हाक

१

जेवणाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, तिथंच मी धसकले.

तुम्ही हसाल. हसा बापडे. पण जिने चौतीस वर्षं रोज दोन वेळा ताट वाढून स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून वाट बघितलीय, की आज काय निघतंय, मीठ निघतंय का तिखट निघतंय का माझ्या मेलेल्या आईचा उद्धार निघतोय, त्या बाईला विचारा. आमच्या ह्यांनी जेवणाला चांगलं म्हटलेलं आख्ख्या खारबाव गावात कोणी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या जेवणालासुद्धा त्यांनी नावं ठेवली होती, आणि लग्न त्यांचंच होतं.

त्या दुपारी बोयट मासळीचं कालवण होतं आणि तांदळाच्या भाकऱ्या. ते जेवले, हात धुतला, माझ्याकडे बघितलं आणि बोलले, "छान झालंय गो."

मी उभीच. वाटलं टोमणा आहे, आता ताट येईल अंगावर. पण ते हसत होते. हसत हसत उठले आणि ओटीवर जाऊन बसले.

मी त्यांच्याच ताटात जेवते. सासूने लावून दिलेली रीत; नवरा उठला की त्याच्या ताटात बायकोने बसायचं. मी बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. कालवणात मीठच नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही. त्या दोन-तीन दिवसांच्या धांदलीत मी घालायचंच विसरले होते.

आणि ताटात एक काटा नव्हता. बोयटाला काटे किती, ते खाणाऱ्याला सांगायला नको. ताटाच्या कडेला ढीग लागतो. इथं कड कोरडी, स्वच्छ. मी ताटाखाली बघितलं, पाटाखाली बघितलं, मोरीत बघितलं. मांजराने नेले असतील, असं मनाला सांगितलं. आमच्याकडे मांजर नाही. मग शेजारच्यांचं असेल, असं सांगितलं.

२

धांदल कसली, तर तीन दिवसांपूर्वी ते खाडीत पडले होते.

आमच्या गावात शेतांवर गोडाऊनं उभी राहिली, आमच्याही. पण मागच्या अंगाला खाडीलगत भाताचा एक तुकडा ह्यांनी हट्टाने राखलाय. खारं पाणी त्यात शिरू नये म्हणून बांधाला फळ्यांचं दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. पौर्णिमेची मोठी भरती भर दुपारी येते. तेव्हा फळ्या तपासायला ते जायचे आणि मी मागून डबा घेऊन जायची.

त्या दिवशी मला उशीर झाला. मी बांधावर पोचले तेव्हा ते उघाडीवर वाकले होते. मान वळवून ओरडले, "आता येतंस? मेल्यावर आली असतीस!" आणि पाय सरकला.

टोपी तरंगली. माणूस नाही. मला पोहता येत नाही आणि आसपास चिटपाखरू नव्हतं, गोडाऊनच्या रस्त्यावरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. मी बांधावर इकडून तिकडे धावत ओरडत सुटले, "अहो! अहो! अहो, या ना वर! अहो!" किती वेळ ओरडले, देव जाणे. घसा फाटला. मग पाण्यातून डोकं वर आलं. पडले होते उघाडीच्या डावीकडे, आणि पाण्याची ओढही तिकडेच. वर आले उजवीकडे, पार लांब. मी पदर टाकला, त्यांनी धरला, वर आले. नाकातोंडात पाणी नाही, धाप नाही. बांधावर बसले आणि मला बोलले, "घाबरलीस?"

मी रडत होते, म्हणून तेव्हा ध्यानात आलं नाही. हा प्रश्न त्यांनी मला जन्मात विचारला नव्हता.

भिवंडीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढला, ठणठणीत आहेत म्हणाले. क्षितिजा, म्हणजे आमची मुलगी, ठाण्याहून धावत आली. तिच्याशी बाप तासभर गोड बोलत बसला. जाताना ती गळ्यात पडून रडली. "आई, बाबांनी मला विचारलं, तू कशी आहेस. मला! मरण बघून आलेली माणसं बदलतात गं. तुझं नशीब उघडलं शेवटी."

गल्लीतल्या बायका बोलल्या, देव पावला, तुझ्या सोमवारांचं फळ मिळालं. मी हो हो केलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, मग ह्यांचा सुंभ नुसता भिजला तर पीळ गेला कसा?

आणि खरं सांगू? मला ते नको होतं. माझे भाऊ दोनदा न्यायला आले होते, "चल कमळ, पुरे झालं." मी गेले नाही. माणूस कसा आहे ते बघून जीव लावायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नाही. मी आधी जीव लावला, मग माणूस बघितला, आणि तोवर उशीर झाला होता. मला माझा तोच नवरा हवा होता, खडूस, तोंडाळ. तो कुठे गेला, एवढंच मला कळत नव्हतं.

३

आक्का बघायला आली. ह्यांची थोरली बहीण, सत्तरीची, पलीकडच्या आळीत राहते. जिभेला हाड नाही तिच्या. ह्यांनी उठून तिच्या पायांना हात लावला, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. आक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि माझ्या मागून स्वयंपाकघरात आली. मी चहा दिला.

"केसरीनाथ पान्यात गेला, तवा तू हाक कशी मारलीस?" तिने विचारलं.

"कशी म्हणजे? अहो बोलले."

"नाव न्हाय घेतलंस?"

"आक्का, नवऱ्याचं नाव कसं घेऊ? आजवर कंदी घेतलंय काय?"

तिने कप खाली ठेवला. चहा तसाच. "अगो, पान्यात गेलेल्याला नावानं बोलवायचं असतंय. बापाच्या नावासकट. नुसतं अहो बोललीस तर..." मी विचारलं, तर काय? तिने कानांवर हात ठेवले. "मना नको विचारूस. मी काय बोलले न्हाय."

येताना पुढच्या दाराने आली होती. जाताना ओटीवर तिचा भाऊ बसला होता, म्हणून मागच्या दाराने गेली, लांबचा वळसा घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने.

मला राग आला. म्हातारचळ लागलाय, म्हटलं. बायकांनी नावं घेतली नाहीत म्हणून कोणी बुडत नाही, आणि घेतली म्हणून कोणी तरत नाही. मी सातवी शिकलेली आहे, भूतखेत मानणारी नव्हे. तिचा कप मी मोरीत आपटला, त्याचा कान तुटला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला मागच्या दारावर थाप पडली. तळहाताच्या तीन थापा.

"दार उघड गो! बहिरी झालीस काय?"

"आले, आले," बोलत मी पदर खोचत धावले. सवय हो. हात कडीवर गेला, आणि मग ओटीवर पेपराचं पान उलटल्याचं ऐकू आलं. ते ओटीवर होते. जेवण झाल्यापासून तिथेच होते.

मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. दारापलीकडे कशातून तरी पाणी ठिबकत होतं. श्वास ऐकू येत होता, रागावल्यावर ते नाकाने घेतात तसा.

"कोनाला वाढतंस गो तिकडं?"

मग काही नाही. बऱ्याच वेळाने खिडकीतून बघितलं. अंगण रिकामं. पायरी ओली होती, तेवढीच. बांधापासून पायरीपर्यंत वाट कोरडी ठणठणीत.

आता हसावं का रडावं, तुम्हीच सांगा. मी घाबरले होते, आणि डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा कोणी तरी माझ्यावर खेकसलं होतं.

पुढच्या दिवशी थाप सव्वाचारला पडली. त्याच्या पुढच्या दिवशी पाच वाजता. भरतीची वेळ रोज अशीच पुढे सरकते, हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी मनाला समजावलं, की कमळ, तुला धक्का बसलाय, कान वाजतात. क्षितिजाने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तेच सांगितलं आणि झोपेची गोळी दिली.

तिसऱ्या दिवशी थाप पडली तेव्हा हे ओटीवरून उठून आत आले. माझ्या बाजूला उभे राहिले. बाहेरचा आवाज तेव्हा मला शिव्या घालत होता, एकेक ठेवणीतली. ह्यांनी मान कलती करून सगळं ऐकून घेतलं. म्हणजे ऐकू त्यांनाही येत होतं.

"वारा हाय," ते हळूच बोलले. आणि कोपऱ्यातलं मुसळ उचलून दाराला आडवं लावलं.

५

नंतर अष्टमी आली. त्या दिवसांत खाडीच्या पाण्याला जोर नसतो. थाप पडली नाही. घर शांत.

शांत म्हणजे कसं, ऐका. ते सकाळी मला चहा करून द्यायचे. माझी साडी वाळत घालायचे. मी ज्या खोलीत जाईन तिथे यायचे आणि कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत राहायचे, कौतुकाने. मी पाठ फिरवली तरी नजर पाठीवर कळायची. कधी मी एकटीच गुणगुणत असले, की दुसऱ्या खोलीतून तीच चाल, तशीच चुकत चुकत यायची. बाजूच्या बायका खिडकीतून बघायच्या आणि सुस्कारे टाकायच्या. असा नवरा पाहिजे, म्हणायच्या.

एका दुपारी मला सहन झालं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि हात जोडले.

"अहो, एकदा ओरडा माझ्यावर. एकदाच. शिवी द्या."

ते विचारात पडले. माझी मागणी पुरी करायची त्यांना खरंच इच्छा होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि हसऱ्या तोंडाने, एकेक शब्द सुटा करत बोलले, "दार. उघड. गो. बहिरी. झालीस. काय."

मी बसल्या जागी मागे सरकले.

"कोनाला. वाढतंस. गो. तिकडं," ते बोलले. आणि बरोबर आलं का, अशा नजरेने माझ्याकडे बघायला लागले.

मी उठले आणि न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. दाराच्या फटीखाली त्यांची सावली आली आणि तिथेच बसून राहिली. "रडू नको गो," सावली बोलत होती. "रडू नको. मी हाय ना." आवाज इतका मायेचा, की माझी आईसुद्धा माझ्याशी कधी असं बोलली नसेल.

त्या दिवशी मी ठरवलं. हा जो कोणी आहे, त्याने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. पण मी लग्न ह्याच्याशी केलं नव्हतं. माझा माणूस त्या पाण्यात उभा होता आणि मी त्याला नीट बोलावलं नव्हतं. चूक माझी होती.

६

अमावास्येला भरती पुन्हा भर दुपारी आली. डोक्यावर ऊन. हे ओटीवर आडवे झाले होते, डोळे उघडे. मी मुसळ बाजूला केलं, मागच्या दाराने निघाले आणि बांधावर गेले.

उघाडीपाशी पाणी काठोकाठ होतं. पूर्ण भरलं की घटकाभर पाणी हलत नाही, ना आत ना बाहेर. तशी वेळ होती. ट्रकचे आवाजही थांबले होते, का मलाच ऐकू येत नव्हते. मी चपला काढल्या आणि चिखलात उतरले, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत.

नाव जिभेवर येईना. विश्वास ठेवा, मरायला भीती वाटली नसती एवढी त्या नावाची वाटली. लग्नात उखाण्यातसुद्धा मी नाव गिळलं होतं. दोनदा तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. मग डोळे मिटले आणि ओरडले, "केसरीनाथ! केसरीनाथ दौलत! वर या!"

तीन वेळा.

पाण्यात माझ्या पुढ्यात काही तरी काळं हललं. केस असतील, शेवाळ असेल. चेहरा दिसला नाही, आणि मी बघितलाही नाही. मी हात पुढे केला. खालून हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं.

ती पकड मी ओळखली. हात धरायचा नाही, मनगट धरायचं, बांगडी रुतेपर्यंत. चौतीस वर्षांत ह्या पकडीने दहा वेळा तरी मला घराबाहेर काढलं असेल. पावसात, भर उन्हात, एकदा सातव्या महिन्यात. दहाही वेळा मी तो हात सोडवून घेतला नाही. रडत, ओरडत, त्यांना धरूनच परत आत आले. माझ्या अंगात तेवढं एकच बळ होतं आणि ते मी आता लावलं. पाय रोवले, दुसऱ्या हाताने काठावरचं गवत धरलं आणि ओढलं.

"या," मी बोलले. "या वर, आले मी. शिव्या द्या, काय पन करा, पन या."

तो हात वर येत होता. मनगट दिसलं, कोपर दिसलं. मला आणखी एक पाऊल पुढे टाकावं लागणार होतं. मी पाय उचलला.

तेव्हा पाण्याच्या अंगाने आवाज आला. त्यांचाच, पण थकलेला.

"नको येऊ गो. पानी लई गार हाय. तू जा घरी."

मी थांबले.

माझी काळजी? आमच्या ह्यांनी? डोक्यात एकच वाक्य फिरलं, की हे ते नाहीत. हे माझ्या नवऱ्याचं बोलणं नव्हे. हा पण दुसराच कोणी तरी आहे, मी पुन्हा चुकीच्या माणसाला बोलावलं.

मी मनगट सोडवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने ओढून धरलं नाही. मी हिसका दिला आणि तो लगेच सुटला. बोटं पसरलेला तो हात तसाच थोडा वेळ वर राहिला, मग खाली गेला. पाणी हललं. ओहोटी लागली होती.

मागे कोणी तरी उभं होतं. ते ओटीवरून उठून बांधावर आले होते, माझ्या चपला हातात घेऊन.

"पानी गार हाय गो," ते बोलले. "चल घरी."

तोच आवाज. तेच शब्द, तीच माया. मी त्यांच्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि कोण कोणाकडून शिकलं ते मला सांगता येईना.

७

ह्याला आता चार महिने झाले. थाप पडत नाही. पौर्णिमा जाते, अमावास्या जाते. आक्का आमच्या आळीत पाय ठेवत नाही. क्षितिजा रविवारी येते, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसते आणि मला म्हणते, आई, तू एवढी वाळलीस का गं, आता तरी सुखाने राहा.

तिला काय सांगू? तुझा बाप पाण्यात उभा होता असं सांगू? माझ्यात त्याला वर ओढायचं बळ होतं, हात हातात होता, कोपरापर्यंत माणूस आला होता, असं सांगू?

लोक म्हणतात, कमळाबाईने नवऱ्याला मरणाच्या दारातून आणलं. मी मान खाली घालते. दुपारी मी जेवून आडवी झाले की ते पायथ्याशी येऊन बसतात आणि पाय चेपतात. मी भिंतीकडे तोंड करून तेवढंच घोकत असते. बुडणारा माणूस स्वतः गार पाण्यात राहून बायकोला घरी जा म्हणाला, तो माझाच नवरा असेल तर? चौतीस वर्षांत तो एकच गोड शब्द बोलला असेल, आणि तेवढ्यावरून मी त्याला ओळखलं नसेल तर?

पाय चेपणारे हात क्षणभर थांबतात.

"काय झालं गो?" ते विचारतात.

"काय न्हाय," मी बोलते.